धाकटे मालक, सांडव्यावरच्या त्या दोन फुटांविषयी

धाकटे मालक यांस,
सप्रेम नमस्कार.

गाव तुम्हाला अजून याच नावाने ओळखतं, म्हणून मीही तेच लिहितो. तुमच्या रिसॉर्टचं नाव, गट नंबर, आमच्या गावाचं नाव यातलं काही इथे लिहिलेलं नाही. ते सगळं मी हाताने नेऊन दिलेल्या अर्जांत आहे. चालत्या धंद्याचं नाव चारचौघांत घेऊन तो बसवायची माझी इच्छा नाही. तुमच्याकडे गावातली चौदा पोरं कामाला आहेत, त्यात माझा सख्खा पुतण्या आहे. माझ्या भाचीचं लग्न तुमच्याच लॉनवर झालं आणि जेवण उत्तम होतं. तरी हे पत्र उघड्यावर लिहितो आहे, कारण तुमच्या तलावाच्या सांडव्यावर, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जायच्या वाटेवर, तुम्ही घातलेल्या भिंतीबद्दलची बंद पाकिटातली दोन पत्रं तुमच्या मॅनेजरच्या टेबलावरून पुढे सरकली नाहीत, आणि मृग लागायला दहा दिवस उरलेत.

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली. मोजणीदार म्हणून लागलो, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मी इंजिनिअर नाही. पण पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, चालताना पायाखालची माती काय सांगते ते ऐकायची सवय लागली ती लागलीच. काटोल रस्त्यापासून आत, तुमच्या तलावाच्या खाली नाल्याच्या डाव्या काठाला माझं घर आहे. तीनशे झाडांची संत्र्याची बाग आहे. घरापासून पाळीचं अंतर नाल्यानाल्याने चालत गेलं तर चौदाशे मीटर. माझ्या घराच्या वर, म्हणजे तलावाच्या आणखी जवळ, अंगणवाडी आहे. माझी नात तिथे जाते. आणि नाल्याच्या अगदी पोटात दरवर्षी वीटभट्टीवाल्यांच्या झोपड्या पडतात, त्यातल्या काही पावसाळ्यातही उठत नाहीत.

तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही तेव्हा नागपुरात शाळेला होतात. तलाव बांधला त्याच्या तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री मोठे मालक जीप घेऊन माझ्या दारात आले होते. पाणी सांडव्यावरून दोन फुटांच्या वर चाललं होतं आणि त्यांना झोप येत नव्हती. मी रजेवर होतो. आम्ही दोघं, तुमचा तेव्हाचा चौकीदार आणि गावातले दहा-बारा जण पाळीवर कंदील घेऊन उभे राहिलो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून ठेवला. त्याची गरज पडली नाही. पहाटे पाणी उतरलं. मोठ्या मालकांनी जीप रात्रभर गावात उभी ठेवली होती, ड्रायव्हरसकट, गाव उठवायला. त्यांनी हा तलाव हौसेसाठीच बांधला होता. मासे, होडी, रविवारचे पाहुणे. पण आपण गावाच्या डोक्यावर पाणी ठेवलं आहे हे ते एक रात्रही विसरले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो.

या एप्रिलमध्ये तुम्ही सांडव्याच्या माथ्यावर दोन फूट उंच काँक्रीटची भिंत घातली. मागच्या हंगामात फेब्रुवारीतच पाणी उतरलं, बोटिंग बंद पडलं, उन्हाळ्यातल्या लग्नांच्या फोटोत मागे चिखल दिसला, हे मला माहीत आहे. दोन फूट पाणी जास्त अडलं तर तलाव मेपर्यंत टिकेल, हा तुमचा हिशेब बरोबर आहे. मॅनेजरला मी विचारलं तर तो हसून म्हणाला, "काका, दोन फुटानं का होऊन राहिलं?"

काय होतं ते मी सांगतो. मोजमाप माझं आहे. गवंड्याची पातळी बघायची पाणनळी आणि कापडी टेप घेऊन तुमच्याच पोरांसमोर केलेलं. चुकलं असेल तर दाखवून द्या, मी पुन्हा पाळीवर येऊन मोजीन.

तलाव बांधला तेव्हा सांडव्याच्या माथ्यापासून पाळीच्या माथ्यापर्यंत पाच फूट उंची मोकळी होती. गेल्या तीस वर्षांत पाळ मधोमध एक फूट खचली. काळ्या मातीची पाळ थोडी बसतेच. तुम्ही वरून पार्किंगच्या गाड्या घातल्या, ती जास्त बसली. राहिले चार. सांडवा दोन फुटांनी वर आला. राहिले दोन.

आता वरून येणारं पाणी बघा. तुमच्या तलावाला पाणी देणारा माळ आणि शेतं मिळून साधारण ४०० हेक्टर. २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला होता. अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. तेवढा पाऊस आपल्या माळावर चार तासांत पडला असं धरा. सप्टेंबरात काळी माती भिजून फुगलेली असते, तिला आणखी पाणी पिता येत नाही. शंभरातलं साठ टक्के वाहून आलं तरी २ लाख ४० हजार घनमीटर पाणी होतं. तुमचा तलाव पूर्ण भरल्यावर मावतं १ लाख ८० हजार. म्हणजे आधीच तुडुंब असलेल्या तलावात चार तासांत एका तलावाहून जास्त पाणी येणार, आणि ते सगळं सांडव्यावरून जायला हवं. सेकंदाला सोळा-सतरा घनमीटर.

सांडवा मुळात पन्नास फूट लांब होता. एवढं पाणी त्यावरून अडीच फुटांच्या जाडीने निघून गेलं असतं, वर लाटांसाठी अडीच फूट शिल्लक ठेवून. ज्याने कोणी हा सांडवा आखला त्याला नमस्कार केला पाहिजे. पण तुम्ही त्यात सेल्फी पॉइंटच्या डेकचे खांब उभे केले, एका अंगाला संगीतवाल्यांच्या स्टेजचा चौथरा घातला. पाण्याला मोकळी लांबी उरली छत्तीस फूट. आता तेवढंच पाणी जायला त्याची जाडी तीन फूट लागते. आणि आपल्याकडे शिल्लक आहेत दोन.

तलाव थोडं पाणी पोटात घेतो, त्यामुळे पुराचं शिखर जरा बुटकं होतं, हे मला कळतं. ते धरूनही हिशेब जमत नाही. त्यात तुम्ही सांडव्याला बारीक जाळी बांधली आहे, रोहू-कटला वाहून जाऊ नयेत म्हणून. पहिल्या पुरात पळसाच्या फांद्या, तुराट्या, थर्माकोलच्या प्लेटा येऊन त्या जाळीला बसल्या की छत्तीस फुटांचंही काही खरं नाही.

मातीच्या पाळीवरून पाणी ओसंडलं की ती वरून फुटत नाही. पाणी बाहेरच्या उतारावरून धावत पायथ्याशी आपटतं, तिथली माती खातं, खड्डा पडतो, आणि तो खड्डा पायरी पायरीने वर चढत माथ्यापर्यंत येतो. माथा तुटला की मग कोणाच्या हातात काही राहत नाही. चौदाशे मीटर हे पाण्यासाठी दहा मिनिटांचंही अंतर नाही.

आणखी एक, जे मॅनेजरला सांगूनही समजलं नाही. सांडव्याच्या जुन्या माथ्याच्या वरचा पाळीचा दोन फूट भाग, पुरातले काही तास सोडले तर, आजवर कधी पाण्याला टेकलेला नाही. तीस उन्हाळे तो वाळला, तडकला. त्या भेगांत यंदा पहिल्यांदाच पाणी शिरून टिकून राहणार. मातीच्या धरणाला पहिलं भरणं सगळ्यात अवघड असतं. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते पहिल्याच पावसाळ्यात भरत असताना, काम पुरतं झालेलं नसताना. तुमची पाळ तीस वर्षांची आहे म्हणून पारखलेली आहे, असं मॅनेजर म्हणतो. जुन्या पातळीला पारखलेली आहे, नव्या पातळीला ती नवी कोरीच.

हा झाला सांडवा. दुसरं दुखणं जास्त जुनं आणि मला जास्त घाबरवणारं.

पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी, जुन्या नाल्याचं पात्र जिथे होतं बरोबर तिथे, ओल आहे. मे महिन्यात चहूकडे गवत वाळलेलं असताना तिथे हिरवंगार लव्हाळं उभं असतं. झिरपणं हा गुन्हा नाही. मातीची प्रत्येक पाळ थोडी झिरपते, आणि निवळ पाणी येत असेल तर मी त्याकडे बघून पुढे जातो. पण या पाण्याखाली मी पंधरा लिटरचा तेलाचा डबा लावून मोजत आलो आहे. डिसेंबरात डबा भरायला पन्नास सेकंद लागले. मार्चमध्ये अठ्ठावीस. या तीन महिन्यांत तलावाचं पाणी सहा फूट उतरलं होतं. वरचा दाब कमी झाला तर गळती कमी व्हायला हवी, इथे ती जवळजवळ दुप्पट झाली. काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवलं तर तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ बसला. तो गाळ कुठून आला? पाळीच्या पोटातून. ती आतून पोखरली जाते आहे. ती बाटली माझ्या देवळीत ठेवलेली आहे, तारखेची चिठ्ठी चिकटवून. बायको म्हणते, देवाशेजारी चिखल कशाला? तिला म्हटलं, राहू दे, यंदा दोघांचीही गरज आहे.

मार्चमध्ये हे सांगितल्यावर तुमच्या माणसांनी काय केलं? त्या ओलीवर काँक्रीटचा स्लॅब ओतला. हेतू चांगला असेल, पण उपाय उलटा झाला. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तोंड दाबलं की ते आत दाब धरतं आणि दुसरीकडून, जास्त जोराने फुटतं. तसंच झालं आहे. स्लॅबच्या उजव्या बाजूला चार पावलांवर नवी ओल दिसते. अशा ठिकाणी आधी रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर मोठी गिट्टी आणि दगड असे थर घालतात. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. दोन-तीन ट्रक मालाचं काम आहे. तुमच्या एका लग्नाच्या फुलांच्या खर्चात होईल. हा टोमणा समजू नका, मी भाचीच्या लग्नात फुलांचं बिल पाहिलं आहे.

पाळीवरची झाडं. मोठे मालक पाळीवर बाभळीचं रोपही टिकू देत नसत. चौकीदाराच्या हाती कायम विळा असे. आता तिथे ओळीने पामची झाडं आहेत, मधे सुबाभूळ आपोआप वाढली आहे, आणि दिव्यांची केबल टाकायला माथ्यावर लांबच लांब चर खणून तो भुसभुशीत मातीने बुजवला आहे. पावसाचं पाणी त्या चरात तुंबतं आणि सरळ पाळीत उतरतं. वरून पेव्हर ब्लॉक बसवल्यामुळे भेगा दिसायची सोयही राहिली नाही. बाहेरच्या उतारावर घुशींची बिळं मी मोजली, अकरा. २०१९ च्या २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. खेकडे आणि घुशी बिळं करणारच, तो त्यांचा जन्मजात व्यवसाय आहे. ती बिळं शोधून बुजवणं हे पाळीच्या मालकाचं काम.

विमोचकाचा व्हॉल्व्ह. हा एकच रस्ता आहे ज्यातून तुम्ही स्वतःच्या मर्जीने तलावाचं पाणी कमी करू शकता. त्याचं लोखंडी चाक तुम्ही सोनेरी रंगवून घेतलं आहे, पोरीपोरं त्याला धरून फोटो काढतात. ते फिरत नाही. मी आणि पुतण्याने पाइप लावून जोर करून पाहिला. दांडा आतून गंजला आहे. म्हणजे उद्या पाळीला धोका दिसला तरी पाणी उतरवायला तुमच्या हातात काही नाही.

चौकीदार तुम्ही काढला, त्याच्या जागी कॅमेरे लावले. कॅमेरे गेटकडे आणि गल्ल्याकडे तोंड करून आहेत, पाळीकडे एकही नाही. रात्री अकरापर्यंत डीजे आणि त्यानंतर कुलूप. पाणी चढतंय हे पाहणारं माणूस तिथे नाही, आणि पाहिलंच तर त्याने कोणाला फोन करायचा हे कुठे लिहिलेलं नाही.

बोटिंगबद्दल फार लिहीत नाही. २०१७ च्या ९ जुलैला अमरावती रस्त्याकडच्या वेणा जलाशयात होडी उलटून आठ तरुण गेले, ते नागपुरात कोणी विसरलेलं नाही. तुमच्याकडे लाइफ जॅकेट्स आहेत, खुंटीला टांगलेली. पोट्टे ती घालत नाहीत कारण फोटोत बरी दिसत नाहीत, आणि तुमचा माणूस आग्रह धरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सरकार काही म्हणत नाही तर हा म्हातारा कोण? खरं आहे, सरकार काही म्हणत नाही. मी तीन कचेऱ्या फिरलो. पहिलीत म्हणाले, तलाव आमच्या यादीत नाही. दुसरीत म्हणाले, खाजगी जागा आहे, मालकाशी बोला. तिसरीत एका तरुण साहेबांनी चहा पाजला आणि कायदा समजावून सांगितला. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, मालक सरकारी असो की खाजगी. दहा ते पंधरा मीटरच्या धरणाला लागायचा तर माथा निदान पाचशे मीटर लांब हवा, किंवा दहा लाख घनमीटर साठा हवा, किंवा अशीच आणखी एखादी अट पुरी व्हायला हवी. आपली पाळ नाल्याच्या तळापासून नऊ मीटर. त्या कायद्यात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी आहे, आणीबाणीचा कृती आराखडा आहे, नाशिकला राज्याची धरण सुरक्षितता संघटना आहे. नऊ मीटरच्या पाळीसाठी यातलं काही नाही. उंची कमी पडली म्हणून आम्ही सुटलो. की अडकलो? आमच्या अंगणवाडीच्या पोरांनी धरणाची उंची विचारून घ्यावी आणि मग झोपावं, असं तर कायदा करणाऱ्यांनाही वाटलं नसेल. पाळ किती उंच हे त्यांनी मोजलं, पाळीच्या खाली कोण झोपतं हे मोजायचं राहून गेलं.

आपल्याकडे खाजगी तलाव ही नवी गोष्ट नाही. भंडारा-गोंदियाकडे, आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेलाही, कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारी १९५१ ला संपली, तलाव सरकारजमा झाले, लोक अजून त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. त्या काळच्या मालगुजारांबद्दल चांगलंवाईट पुष्कळ ऐकलं आहे. पण त्या तलावांच्या खाली मालगुजाराची स्वतःची धानाची बांधी असायची. पाळ फुटली तर त्याचं पीक आधी जायचं. तुमचं रिसॉर्ट, तुमचे कॉटेज, तुमचं ऑफिस, सगळं पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. खालच्या अंगाला फक्त आम्ही.

माझी भाची, जिचं लग्न तुमच्याकडे झालं तीच, नागपूर खंडपीठात वकिली करते. तिने मला एक जुना विलायती खटला सांगितला, रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८ चा. एका गिरणीमालकाने स्वतःच्या जागेत, स्वतःच्या गिरणीसाठी तलाव बांधला. पाणी खालच्या जुन्या खाणीच्या विवरांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. मालकाची स्वतःची काही चूक नव्हती, काम ठेकेदाराचं होतं. तरी न्यायालयाने म्हटलं, सुटलं तर नुकसान करील अशी वस्तू आपल्या जागेत आणून साठवणाऱ्याने ती आपल्या जोखमीवर ठेवावी. ते तत्त्व आपल्या न्यायालयांनीही घेतलं आहे म्हणे. मला कोर्टकचेरीची हौस नाही. तुमच्या वकिलाला विचारून घ्या, एवढंच.

आणि अधिकाऱ्यांनी "खाजगी आहे" म्हणून हात झटकावेत असंही नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि त्या कायद्यात धरणाच्या उंचीची अट नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, पडून इजा होईल अशा अवस्थेतलं बांधकाम दुरुस्त करायचा किंवा काढायचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. या पत्राच्या प्रती मी त्या त्या ठिकाणी देतो आहे. पण माझी इच्छा अशी की आदेश यायच्या आधी काम तुमच्या हातून व्हावं.

माझं मागणं काय ते लिहितो.

सांडव्यावरची दोन फुटी भिंत मृगाच्या आधी काढा. छिन्नी-हातोड्याने चार माणसांचं तीन दिवसांचं काम आहे. सध्या पाणी सांडव्याच्या अकरा फूट खाली आहे, याहून सोपी वेळ मिळणार नाही. डेकचे खांब, स्टेजचा चौथरा आणि जाळी, तिन्ही सांडव्याच्या वाटेतून हटवा. माशांसाठी दुसरी सोय करता येते, तलावात मागच्या बाजूला जाळीचा कप्पा करा, मी जागा दाखवतो.

व्हॉल्व्ह दुरुस्त करा. तो सुरू झाला की आनंदाच्या भरात एका रात्रीत सगळं पाणी सोडू नका. पाळीची आतली बाजू भिजून जड झालेली असते, तिला पाण्याचाच टेकू असतो. तो झटकन काढला तर ती आत घसरते. रोज वीतभर, त्याहून जास्त नाही.

पायथ्याचा स्लॅब काढून तिथे रेती-गिट्टीचे थर टाका, आणि हे काम माझ्या किंवा गवंड्याच्या शब्दावर करू नका. मातीच्या धरणाचं काम केलेला इंजिनिअर बोलवा. नागपुरात व्हीएनआयटी आहे, तिथल्या स्थापत्य विभागाला विचारा; निवृत्त झालेले अनुभवी अभियंते तर आपल्याकडे प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यांचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आत काय लिहिलं आहे ते आम्हाला वाचू द्या. पामची झाडं आत्ता उपटू नका, मुळांची भोकं राहतील आणि पाऊस तोंडावर आहे. ती कशी काढायची तेही तोच इंजिनिअर सांगेल. पाळीवर गाड्या मात्र आजपासून बंद करा.

पावसाळाभर रात्रीचा चौकीदार ठेवा. पाण्यात रंगवलेली फूटपट्टी उभी करा, तिच्यावर लाल रेघ मारा. पाणी लाल रेघेला लागलं की कोणी भोंगा वाजवायचा, कोणाला फोन जायचा, वीटभट्टीच्या झोपड्यांत कोणी धावत जायचं, हे एका कागदावर लिहून अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत आणि तुमच्या रिसेप्शनवर लावा. भोंगा तुमच्याकडे आहेच, तोच डीजेवाला.

ही कामं होईपर्यंत तलाव जुन्या पातळीच्याही चार फूट खाली ठेवा. यंदाच्या हंगामात बोटिंगचं उत्पन्न घटेल. चौदा पोरांच्या पगाराची मला काळजी आहे, म्हणून हेही सांगतो की पाळ साफ करणं, बिळं बुजवणं, पाळीच्या उतारावरचं दगडी अस्तर (पिचिंग) पुन्हा लावणं हे सगळं काम त्यांनाच द्या. बाहेरून ठेकेदार आणू नका. पाळ कोणाच्या हाताखालून गेली हे माणसाच्या लक्षात राहतं.

रविवारी सकाळी सात वाजता मी पाळीवर येतो. टेप, पाणनळी, तेलाचा डबा घेऊन. जुना चौकीदारही यायला तयार आहे. गुडघे दुखतात म्हणतो, पण येईन म्हणाला. तुम्ही स्वतः या, मॅनेजरला पाठवू नका. डबा तुम्ही धरा, घड्याळ मी बघतो. पन्नास सेकंदांच्या वर लागले आणि पाणी निवळ निघालं, तर हे पत्र मी ज्या ज्या ठिकाणी टाकलं आहे तिथे तिथे माझी चूक लिहीन.

आपला,
नाल्याकाठचा एक निवृत्त कालवा निरीक्षक

ता. क. : येताना व्हॉल्व्हच्या खोलीची किल्ली आणा. मागच्या वेळी ती मॅनेजरला सापडली नव्हती.